घाटाची पाठराखीण : चढणीवरील साहाय्यक इंजिनांची हकीकत

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा-सौंसरच्या मुलखाला रेल्वे दोन अंगांनी आली. पश्चिमेकडून नागपूर-इटारसी हा दिल्ली आणि मद्रास यांना जोडणारा हमरस्ता पांढुर्ण्यावरून गेला. पूर्वेकडून नागपूर-छिंदवाडा ही बंगाल-नागपूर रेल्वेची अडीच फुटी अरुंद गाडी सावनेर, केळवद ओलांडून लोधीखेड्यात शिरली आणि सौंसर, रामाकोना करीत डोंगराकडे वळली. दोन्ही मार्गांचे प्रारंभस्थान नागपूर, आणि दोघांपुढचे संकटही एकच. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. छिंदवाडा सुमारे ६७५ मीटरवर, तर तापीचे उगमस्थान मुलताई त्याहूनही उंच, साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. मधली उंची कोठेतरी चढून जावीच लागते. ती कशी चढावी याची जी निरनिराळी उत्तरे रेल्वेने गेल्या दीडशे वर्षांत शोधली, त्यांपैकी एक म्हणजे गाडीच्या मागे जोडले जाणारे साहाय्यक इंजिन. रेल्वेचे कर्मचारी त्याला ‘बँकर’ म्हणतात. या बँकरचा पैशाच्या पेढीशी काही संबंध नाही, इंग्रज रेल्वेमाणसांच्या बोलीत ‘बँक’ म्हणजे चढण. प्रस्तुत लेखात याच उपेक्षित इंजिनाची हकीकत सांगावयाची आहे.

रेल्वेचे इतिहास वाचताना एक गोष्ट ध्यानी येते. ज्यांनी घाट फोडले त्यांची नावे नोंदली गेली, ज्या गाड्या घाटातून धावल्या त्यांची नावे तर घरोघरी झाली. परंतु त्या गाड्या रोज, प्रत्येक खेपेला, वर चढवून देणाऱ्या इंजिनाचा उल्लेख फार तर एका ओळीत उरकला जातो. वेळापत्रकात त्याला जागा नाही, डब्यावरच्या पाटीवर त्याचे नाव नाही. लग्न होऊन सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर पूर्वी पाठराखीण जात असे. ती मुलीला पोहोचवून, चार दिवस राहून, एकटी माहेरी परते. घाटातल्या इंजिनाची रीत तीच आहे.

प्रथम हे संकट नेमके काय आहे ते पाहू. लोखंडी रुळावरून लोखंडी चाक फिरते तेव्हा घर्षण फार थोडे होते, आणि हाच रेल्वेचा सारा गुण आहे. सपाट जमिनीवर एक टन वजनाचा डबा चालता ठेवण्यास तीन ते पाच किलो एवढीच ओढ पुरते. परंतु जो गुण सपाटीवर, तोच चढणीवर दोष ठरतो. शंभर फुटांमागे एक फूट एवढा चढ डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही, तरी तेथे प्रत्येक टनामागे आणखी दहा किलो ओढ लागते. चढ सदतीसला एक झाला की ही वाढ सत्तावीस किलोंवर जाते. म्हणजे सपाटीवर एका इंजिनाने लीलया ओढलेली गाडी भोर घाटात त्याच इंजिनाला सहासात पट जड होते. बरे, इंजिनाची ताकद वाढवून भागत नाही. त्याच्या चाकांची रुळावरील पकड त्याच्या वजनाच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शापलीकडे जात नाही. त्याहून अधिक जोर लावला तर चाके जागच्या जागी गरगर फिरू लागतात. त्यासाठी चाकांपुढे वाळू सोडण्याची व्यवस्था असते. पण पावसाळ्यात, धुक्यात, ओल्या पाल्याने रूळ बुळबुळीत झाल्यावर वाळूही थकते.

पुढे दोन-तीन इंजिने जोडली तर? तसे करतातही. परंतु मग साऱ्या गाडीचा भार पहिल्या डब्याच्या जोडणीवर येतो, आणि लोखंड किती ताण सोसणार याला मर्यादा आहे. घाटाच्या मध्यावर जोडणी तुटली तर मागचे डबे उतारावरून कोठे जातील हे सांगायला नको. म्हणून मदतीचे इंजिन मागे लावावयाचे. त्याने भार वाटला जातो, जोडण्यांवरील ताण कमी होतो, आणि गाडी तुटलीच तरी मागे भिंतीसारखे कोणी उभे असते. बैलगाडीच्या काळी घाटाच्या पायथ्याशी आणखी एक जोडी जुंपीत, ती मात्र पुढे. बैल मागून ढकलू शकत नाही, इंजिन ढकलू शकते, एवढाच काय तो फरक.

ही युक्ती आपल्याकडे जन्मली नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ लिकी नावाची एक चढण आहे. १८४० साली तो मार्ग खुला झाला तेव्हा अवघ्या दोन मैलांसाठी सदतीसला एक असा चढ ठेवणे हे धाडस मानले गेले. त्या दोन मैलांसाठी पुढे १९१९ मध्ये दहा चाके जोडलेले एक प्रचंड इंजिन खास बांधण्यात आले. लोकांनी त्याला ‘बिग बर्था’ म्हटले, आणि १९५६ पर्यंत त्याने ढकलण्याखेरीज दुसरे काही काम केले नाही. योगायोग असा की, सह्याद्रीत रेल्वे चढवताना ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी जो कमाल चढ स्वीकारला, तोही सदतीसला एकच. मात्र लिकीची चढण दोन मैलांची, आणि भोर घाटाची जवळजवळ सोळा.

भोर घाटाचे आकडे आजही थक्क करतात. १५ मैल ६८ साखळ्या लांबी, १,८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे. १८५६ मध्ये पायथ्याशी खोपोलीपर्यंत आणि १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी आली. मधला घाट मात्र पाच वर्षे प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून, बैलगाडीतून ओलांडला. १८६१ च्या सुमारास येथे सुमारे ४२,००० मजूर राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांतले किती गेले याचा हिशेब करणाऱ्यांनी हात टेकले आहेत. पहिल्या कंत्राटदाराने काम सोडल्यावर १८५९ मध्ये आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवून तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला, पण बर्कले तो पाहावयास नव्हते. ते आदल्याच वर्षी निवर्तले होते. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगर शिंग्रोबाची आख्यायिका आणि जुन्या रस्त्यावरचे त्याचे देऊळ बहुतेक वाचकांना ठाऊक असेलच. आख्यायिकेची सत्यता बाजूला ठेवली तरी एक गोष्ट तीतून दिसते. वाट दाखवणाऱ्याचे ऋण लोकांना साहेबाच्या दप्तरापेक्षा अधिक आठवले.

इगतपुरीकडचा थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. तो लहान, सव्वानऊ मैलांचा, चढ ९७२ फुटांचा. पण उतार तितकाच खडा. नागपूर आणि वऱ्हाड यांचा मुंबईशी संबंध जडला तो याच घाटातून. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली आणि आमच्या प्रांताचा कापूस थळ घाट उतरून बंदराला जाऊ लागला. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. कापूस उतरत होता, म्हणून त्याला ब्रेक लागत होते. चढत होते ते विलायती कापड, लोखंड, यंत्रे आणि मीठ. मागच्या इंजिनाने जोर लावून वर आणून दिले ते बहुधा आपण विकत घ्यावयाचे होते. व्यापाराचा तोल कोणत्या बाजूला झुकला होता हे अर्थशास्त्राच्या ग्रंथांइतकेच कसाऱ्याच्या फलाटावरूनही समजले असते.

वाफेच्या काळात घाटाची इंजिने वेगळीच असत. पाण्याची टाकी अंगावरच वाहणारी, म्हणजे वजनाचा उपयोग पकडीसाठी करून घेणारी. चढ सुरू होण्यापूर्वी फायरमन भट्टी भरून वाफ तयार ठेवी. मग पुढचे इंजिन शिटी देई, मागचे तिला उत्तर देई, आणि दोघे मिळून जोर लावीत. बोगद्यात शिरल्यावर मागच्या इंजिनावरील माणसांची अवस्था कठीण होई, कारण पुढच्या इंजिनाचा सारा धूर बोगद्यात कोंडलेला असे आणि त्यातूनच त्यांना जावे लागे.

ढकलणे हे अडाणी काम आहे असा समज असेल तर तो सोडून द्यावा. मागचा ड्रायव्हर सिग्नल पाहू शकत नाही; त्याच्या पुढे डब्याची भिंत असते. त्याला पुढच्याच्या शिटीवर, हाताला जाणवणाऱ्या दाबावर आणि घाटाच्या पाठांतरावर काम करावे लागते. त्याने कमी जोर लावला तर तो मदतनीस न राहता ओझे होतो. जास्त लावला आणि पुढच्याने नेमका त्याच वेळी वेग कमी केला, तर मधले हलके डबे दोन्ही बाजूंनी दाबले जाऊन वळणावर रुळावरून उचलले जाऊ शकतात. ब्रेकचा ताबा पुढच्या हाती, जोराचा निम्मा भाग मागच्या हाती, आणि दोघांत कैक डब्यांचे अंतर. आज हातात बोलण्याचे यंत्र असते. शिट्यांच्या काळी हा संवाद केवळ सवयीच्या बळावर चाले. मला तर यात जुन्या जोडीच्या बैलांची समजूत दिसते.

१९२९-३० च्या सुमारास दोन्ही घाटांत वीज आली. पूर्वी भोर घाटात एके ठिकाणी गाडीला थांबून तोंड फिरवावे लागे, शेवटचा डबा पहिला होई. ते स्थानक १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे निकामी झाले. विजेबरोबर मालगाड्यांसाठी जी इंजिने आली त्यांची अंगे तीन भागांत सांधलेली असत. विलायतेत अशा बांधणीला मगर म्हणत, आपल्याकडच्या लोकांनी मात्र त्यांच्या चालीवरून आणि कण्हण्यावरून नाव ठेवले ‘खेकडा’. या नावात जेवढी निरीक्षणशक्ती आहे तेवढी मगरीत नाही, असे मला वाटते. त्यांतले एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. १ जून १९३० पासून धावू लागलेली दख्खनची राणी पुण्याला चढली तीही मागच्याचा खांदा घेऊन. कर्जतला गाडी थांबते, मागे दोन-तीन इंजिने लागतात, आणि तेवढ्यात प्रवासी फलाटावरचा बटाटावडा खाऊन घेतात. कर्जतच्या वड्याच्या कीर्तीमागे सह्याद्रीचा चढ उभा आहे, हे खाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल.

आता आपल्या सातपुड्याकडे परत येऊ. नागपूर-इटारसी मार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत टप्प्याटप्प्याने पुरा झाला, आणि १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशा दुवा जोडला गेल्यावर तो उत्तर-दक्षिण भारताचा कणा बनला. या मार्गाला दोन घाट आहेत. उत्तरेकडून येणारी गाडी धाराखोह-मरामझिरीच्या बोगद्यांतून बैतूलच्या पठारावर चढते. नागपूरकडून जाणारी गाडी पांढुर्ण्याच्या पुढे तीगाव-चिचोंडा घाट चढते. भोर घाटाच्या मानाने हे चढ सौम्यच म्हणावे लागतील. मग येथे बँकर कशाला?

याचे उत्तर गाडीच्या वजनात आहे. पूर्वीच्या मालगाडीत लहान चारचाकी वाघिणी असत. आजच्या एका भरल्या मालगाडीत अठ्ठावन्न मोठ्या वाघिणी आणि एकूण वजन पाच हजार टनांच्या जवळपास असते. शंभराला एक एवढ्या मवाळ चढावरही तिला सुमारे पन्नास टन ओढ केवळ चढासाठी लागते, चाकांच्या अडथळ्यासाठी आणखी पंधरा-वीस. आणि भारतीय रेल्वेचे सर्वत्र दिसणारे डब्ल्यूएजी-७ हे विजेचे इंजिन निघतेवेळी फार तर बेचाळीस टनांची ओढ देते, त्याहून आधुनिक डब्ल्यूएजी-९ त्यापेक्षा थोडी जास्त. म्हणजे एक इंजिन पुरे पडत नाही. घाट होता तेथेच, होता तेवढाच राहिला. गाडी वाढत गेली. साहाय्यक इंजिनाची गरज डोंगर निर्माण करतो असे आपण समजतो, पण ती पुष्कळ अंशी माणसाच्या ओझ्याने निर्माण केलेली आहे.

हे अधिक स्पष्ट होते ते लोधीखेड्याच्या अरुंद गाडीकडे पाहिले म्हणजे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आलेल्या या मार्गाने डोंगराशी वेगळा करार केला होता. डोंगर भंडारकुंड ते भीमालगोंदी या टप्प्यात चढावयाचा. अडीच फुटांच्या रुळांना तीव्र वळणे घेता येतात, म्हणून मार्ग डोंगर फोडीत बसला नाही. त्याच्या अंगाखांद्यावरून, जंगलातून, नाल्यांना वळसे घालीत वर गेला. डबे लहान, थोडे, इंजिन लहान, वेग बेताचा. मोठे ओझे न्यावयाचेच नाही, मग मोठी मदतही नको. प्रथम वाफेवर आणि नंतर डिझेलवर ही गाडी २०१५ च्या अखेरीपर्यंत धावली. नागपूर ते छिंदवाडा हे सुमारे दीडशे किलोमीटर अंतर तोडण्यास तिला जवळजवळ सारा दिवस लागे, त्यामुळे घाईच्या माणसाने मोटारीचा रस्ता कधीच धरला होता. तिच्यावाचून ज्यांचे अडत होते ते घाईचे लोक नव्हतेच : बाजाराला जाणारे शेतकरी, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, शाळेची मुले, डोंगरातील गोंड वस्त्यांतले लोक. ज्या सभासदांनी त्या गाडीने प्रवास केला आहे त्यांना कुकडीखाप्याच्या धबधब्याजवळचे ते वळण सांगावयास नको.

गेज-परिवर्तनानंतर याच मार्गावर तिसरे उत्तर अवतरले. रुंद रुळांना जुनी वळणे मानवत नाहीत, तेव्हा भंडारकुंड-भीमालगोंदी टप्प्यात नवा मार्ग आखला गेला. उंच पूल आणि बोगदा बांधून चढ मऊ करण्यात आला. थोडक्यात, चढणीला तोंड देण्याचे तीन मार्ग आहेत : ओझे कमी करणे, मदत घेणे, किंवा चढच कमी करणे. पांढुर्णा जिल्ह्याच्या (हा जिल्हा पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला) दोन टोकांना हे तिन्ही प्रयोग एकाच शतकात घडले. रेल्वेच्या अभ्यासकाला एवढ्या लहान क्षेत्रात एवढी सामग्री अन्यत्र क्वचितच मिळेल.

तिसरा मार्ग महाग आहे, पण तो एकदाच महाग आहे. मदतीचा मार्ग दर खेपेला खर्च मागतो. गाडी पायथ्याशी थांबवावी लागते, इंजिन जोडावे, ब्रेकची नळी तपासावी, माथ्यावर पुन्हा थांबून सोडावे. वर गेलेले इंजिन रिकामे खाली आणावयाचे. त्यासाठी रुळावर जागा करून द्यावयाची, त्याच्यावरही ड्रायव्हर आणि मदतनीस. जेथे दिवसाला डझनावारी गाड्या चढतात तेथे या थांब्यांनी मार्गाचा गळाच आवळला जातो. म्हणूनच तीगाव-चिचोंडा आणि धाराखोह-मरामझिरी या घाटांसाठी तिसऱ्या मार्गाचे काम हाती घेण्यात आले, आणि म्हणूनच कसारा-इगतपुरी व कर्जत-लोणावळा येथे शंभराला एक चढाच्या नव्या मार्गांचे प्रस्ताव वारंवार पुढे येतात. इकडे गाड्यांचे स्वरूपही बदलत आहे. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईहून मध्य रेल्वेने निघालेली दिल्लीची राजधानी पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने सतत बाळगून धावू लागली. कसाऱ्याला थांबून मदत मागण्याची तिला गरज उरली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्यांत तर डब्यांखालीच ठिकठिकाणी मोटारी आहेत, त्यामुळे त्या दोन्ही घाट स्वतःच्या बळावर चढतात.

या बदलाचे वाईट वाटण्याचे कारण नाही. प्रवाशाचे अर्धे घटके वाचले तर ते वाचावेत. मात्र एक हिशेब मांडून ठेवावासा वाटतो. १८६३ पासून आजवर कोकणातून देशावर रेल्वेने जे जे आले, धान्य, खत, पत्रे, पुस्तके, पुढारी आणि सैन्य, त्यातील बहुतेक सारे कोणीतरी मागून ढकलल्यामुळे आले. आमच्या ग्रंथालयांतील मुंबईच्या छापखान्यांत छापलेली जुनी पुस्तकेही बहुधा याच वाटेने वर आली असणार. गोव्याच्या बाजूला कुळे ते कॅसलरॉक या घाटात, दूधसागराच्या शेजारून, आजही तसेच घडते. तेथला चढही सदतीसला एकच आहे.

साध्या मालगाड्यांना आणि बहुतेक एक्स्प्रेस गाड्यांना मात्र घाटात अजून मदत लागते. कसाऱ्याला गाडीच्या मागे दोन इंजिने लागतात. इगतपुरीला ती सुटतात, गाडी नाशिककडे निघून जाते. मग ती दोन्ही, एकमेकांना जोडलेली, डब्यांवाचून, सिग्नल मिळेपर्यंत बाजूच्या रुळावर उभी राहतात, आणि पुढची गाडी घ्यावयास पुन्हा घाट उतरू लागतात.